पंचमीचा मुराळी

पंचमी जवळ आली की आमच्या जीपला काहीतरी होतं. पावसाळ्यात माणसांना सर्दी-पडसं होतं, तसं आषाढ संपत आला की हिला दुखणं लागतं. एका वर्षी गिअरबॉक्स, एका वर्षी पाटे, एका वर्षी नुसतंच "आवाज बरोबर येत नाही." मग आमचे हे तिला चामराजपेटेत शिवकुमारच्या गॅरेजमध्ये नेऊन घालतात. पंचमी झाली, झोके सुटले, लाडू संपले, की ही परत घरी. ठणठणीत! पुढच्या आषाढापर्यंत शिंकसुद्धा नाही.

मी गणिताची बाई. बंगळूरच्या पोरांना त्रैराशिक शिकवण्यात जन्म गेला. पण स्वतःच्या घरातलं एवढं साधं गणित मला सुटलं नाही, याचा अजून राग येतो. राग कशाचा ते कळायला आधी जीपचं सांगायला पाहिजे, आणि जीपचं सांगायला माझ्या माहेरचं.

माझं माहेर बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या पश्चिमेला, जंगलात. गावाच्या अलीकडे एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात पोरं गोट्या खेळतात आणि पावसाळ्यात तो गावाला कुलूप लावतो. माझं लग्न झालं तेव्हा पूल नव्हता, डांबर नव्हतं. बस मोठ्या रस्त्याला सोडायची, पुढे सगळा चिखल. आणि आमच्याकडे पंचमी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला नाही आलीस तरी चालेल, पण पंचमीला लेक माहेरी पाहिजे म्हणजे पाहिजे. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो. चिंचेला झोका बांधतात. शेंगांचे लाडू, तंबिटाचे लाडू, लाह्या, डब्यावर डबे भरतात. आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. जवळपास दिलेल्या पोरी चिखल तुडवत, लुगडं गुडघ्यावर घेऊन यायच्या. मी पडले बंगळूरला.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माझा दादा, संताजी, मला न्यायला म्हणून निघाला आणि ओढ्यावरूनच परत गेला. पाणी उतरेना. इकडे मी बॅग भरून, नवं लुगडं नेसून क्वार्टर्सच्या दारात बसलेली. शेजारच्या तमिळ बाईला कळेना, ही नवी नवरी सकाळपासून उंबऱ्यावर कोणाची वाट बघतेय. संध्याकाळी पोस्टातून तार आली आणि मी जे रडायला लागले ते थांबेचना.

आमचे हे, उपेंद्र, पुण्याचे. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांना पंचमी म्हणजे पाटावर काढलेला नाग आणि पुरणाची दिंडं, संपला सण. पण बायको रडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. घाबरले बिचारे. म्हणाले, "पूल नाही, एवढंच ना? मग पाण्यातून जाणारी गाडी आणू. मीच तुझा मुराळी."

दुसरा असता तर बोलून विसरला असता. हे विसरले नाहीत. काही वर्षांनी, गौरी आमची रांगायला लागली होती तेव्हा, लष्कराच्या लिलावातून गेलेली एक जीप त्यांनी कुठल्याशा शेडमधून उचलून आणली. चारही चाकं ओढणारी. वयाने माझ्याएवढीच, पण दिसायला माझी आजी. रंग गेलेला, हूड फाटलेलं, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. मला म्हणाले, "ये, बस." गिअरच्या शेजारी एक बुटका दांडा होता, तो दाखवून म्हणाले, "हा टाकला की पुढची चाकंही जोर लावतात. तुझा ओढा हिच्यापुढे किस झाड की पत्ती!" मी त्या दांड्याला हळदकुंकू लावलं. तो पहिल्या दिवसापासून मला ह्यांच्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटला.

आणि मग आमच्या ह्यांचं 'नीट करणं' सुरू झालं.

आता विमानाच्या कारखान्यातला माणूस. तिथे एक खिळा ढिला असला तर विमान जमीन सोडत नाही. घरीही तोच न्याय. पहिल्या वर्षी ब्रेकचा भरवसा नव्हता. दुसऱ्या वर्षी इंजिन घाट चढताना तापेल म्हणाले. मग जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेल घातलं. ते घातल्यावर रविवारी जमणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मंडळीत कोणीतरी नाक मुरडलं, "ओरिजिनल नाही राहिली हो." झालं! डिझेल बाहेर, आणि मूळ इंजिनाचा शोध सुरू. जे. सी. रोडची दुकानं पालथी घातली. कार्ब्युरेटर एकीकडून, डायनॅमो दुसरीकडून, पुढच्या दिव्याची एक काच मिळाली म्हणून पेढे आणले होते घरी. गौरीच्या बारशाला नव्हते आणले एवढे आणले. मग ओरिजिनल झाल्यावर लक्षात आलं की ओरिजिनल दिव्यांत रात्री समोरची म्हैससुद्धा दिसत नाही. मग वायरिंग बदललं. सीट बदलल्या. पट्टे बसवले. नव्याने जुनं करायचं आणि जुन्याचं नवं करायचं, आमच्या पोर्चमध्ये बारा महिने हेच.

तिकडे आई फोनवर विचारायची. गावात एकच फोन होता, पोस्टमास्तरांकडे. त्यावर ओरडून विचारायची, "प्रेमा, तुझी गाडी झाली काय गं?" जशी काही गाडी बाळंत व्हायची होती. मी इकडून ओरडायची, "होईल गं, पुढच्या पंचमीला होईल!" दर वर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मग एका मार्गशीर्षात आई गेली. आम्ही रेल्वेने गेलो. मरणाला जायला गाडी नीट असावी लागत नाही.

माहेरी मी जात नव्हते असं नाही. उन्हाळ्यात गेले, लग्नांना गेले. पण उन्हाळ्यातलं माहेर म्हणजे दुधाची तहान ताकावर. हिरवं रान नाही, ओली चिंच नाही, झोका नाही. इथे के. आर. पुरममध्ये आम्ही घर बांधलं, मागे एक शेवगा लावला, त्याला काय झोका बांधणार? श्रावण लागला की माझ्या पायांना काहीतरी व्हायचं. स्वयंपाकघरात उभी असायची आणि पावलं आपोआप पुढे-मागे हलायची. गौरी हसायची, "आई, डान्स करतेस काय?" मी म्हणायची, "झोका घेतेय. तुला काय कळणार!"

पुढे तिकडे रस्ता झाला, डांबर पडलं, पूल बांधला. बस गावात जायला लागली. लोक विचारतात, मग तेव्हा बसने का गेली नाहीस? गौरी तर अजून विचारते. सांगते ना. एका श्रावणात मी खरंच पिशवी भरली होती. हे नुसते पोर्चमध्ये जाऊन जीपच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि पिशवी रिकामी केली. शब्द त्यांनी दिला होता, पण धरून मी बसले होते. एकट्याने मोडण्यातला तो नव्हता.

यंदा ज्येष्ठात दादाचा फोन आला. वहिनी गेल्यापासून तो एकटाच असतो. म्हणाला, "प्रेमा, यंदा ये बाई. जीपनं ये नाहीतर बैलगाडीनं ये. पुढच्या पंचमीला मी हितं नाही."

"नाही म्हणजे? कुठे चाललास?"

"पोरगा बेळगावला न्हेतोय. गुडघं गेलं की माझं. फ्लॅट हाय, लिफ्ट हाय म्हणतोय. घराला कुलूप लावायचं ठरलंय."

आई गेली तरी दादा होता, म्हणून माहेर होतं. कुलपाला कोणी माहेर म्हणत नाही.

ह्यांना सांगितलं. यंदा नाही गेलो तर परत कधीच नाही, हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. हे म्हणाले, "यंदा नक्की." आणि जे आयुष्यात करणार नाही म्हणत होते ते केलं. जीपला पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरवलं. आधी कोणी तसं सुचवलं की भडकायचे, "म्हाताऱ्या पैलवानाला लाली लावता काय!" पण आता ह्यांचा उजवा खांदा धरलाय, ते जड हँडल वळत नाही. म्हणाले, "असू दे. पुढचे ब्रेकही नवे घालू. तुझ्यासाठी." जीप शिवकुमारकडे गेली. मी लाडवांसाठी शेंगा भाजल्या. मोठ्या आशेने भाजल्या हो.

पंचमी पाच-सहा दिवसांवर आली आणि एके दिवशी जेवताना हे ताटाकडे बघत म्हणाले, "एक पार्ट कोइमतूरहून यायचाय. गाडी उघडून पडलीय. यंदा जरा..."

मी आमटीचं भांडं ठेवलं ते असं ठेवलं की झाकण जाऊन पडलं खाली.  

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खांद्याच्या व्यायामाला गेलेले, फोन टेबलावर विसरून. तो वाजला. शिवकुमारचा. मी उचलला. तो कन्नडमध्ये सुरूच झाला, "सर, गाडी केव्हा नेताय? होऊन दोन आठवडे झाले. जागा अडलीय, स्वल्प लवकर बघा."

मी म्हणाले, "सर नाहीत. अम्मा बोलतेय."

तो हळूच म्हणाला, "अम्मा... मी नंतर करतो."

"नंतर नको. मीच येते," मी म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मेट्रोने मार्केटपर्यंत आणि तिथून रिक्षाने चामराजपेट. गॅरेज म्हणजे दोन जुन्या घरांमधला बोळ, वर पत्रे. आत पाऊल टाकलं आणि समोर ती उभी. हिरवीगार, चकचकीत, चारही चाकांवर. बोनेट बंद. लग्नाला निघालेल्या करवलीसारखी नटून उभी होती. शिवकुमार चांगला माणूस आहे, सफेद केसांचा, कपाळाला विभूती. हात पुसत आला, खुर्ची पुसली, कॉफी मागवली. मी बसले नाही.

"कोइमतूरचा पार्ट आला काय?" मी विचारलं.

तो जमिनीकडे बघायला लागला. "कुठला पार्ट, अम्मा?"

"गेल्या वर्षी काय झालं होतं हिला?"

"काही नाही."

"त्याच्या गेल्या वर्षी?"

"अम्मा, सर म्हणतात हब्बा, सण होईपर्यंत राहू दे इथेच. मी विचारत नाही. मोठे माणूस आहेत." मग त्यालाच राहवलं नाही. "गाडी चांगली आहे, अम्मा. बरीच वर्षं चांगली आहे."

मी म्हणाले, "किल्ली द्या."

"अम्मा, तुम्ही?"

"का? मी काय बैलगाडी हाकते काय घरी? कार चालवतेच ना." त्याने किल्ली दिली. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, तो ह्यांना लगेच फोन करणार. करू दे की!

इतक्या वर्षांत त्या जीपचं स्टिअरिंग मी हातात धरलं नव्हतं. "तुला जड जाईल गं." नव्या स्टिअरिंगने ती अशी वळली की बोटाने वळवावी. टाउन हॉलवरून, हडसन सर्कलवरून, माणसं वळून वळून बघत होती. सिग्नलला एका स्कूटरवरच्या पोराने अंगठा दाखवला, "सुपर, आंटी!" मला हसूही आलं आणि रडूही. टिन फॅक्टरीच्या चौकात नेहमीसारखं सगळं अडकलं. पुढे बस, मागे बस, दोन्हीकडे रिक्षा. मी मध्ये बसलेली, आणि माझ्या गुडघ्याशेजारी तो बुटका दांडा. हात लावला त्याला. थंड होता. ह्या दांड्याला त्या पाण्याचं तोंडसुद्धा माहीत नाही, असं मनात आलं आणि इतकी ओढ लागली त्या ओढ्याची, की त्या क्षणी कोणी म्हणालं असतं 'जा', तर मी आहे त्या साडीवर निघाले असते.

हे फाटकात उभे होते. चेहरा उतरलेला. मी जीप आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि खाली न उतरताच विचारलं, "का?"

"आत ये, सांगतो."

"इथेच सांगा. हिच्यासमोर सांगा."

हे मडगार्डला टेकले. म्हणाले, "आधी खरंच तयार नव्हती. देवाशपथ नव्हती. माझ्या मनासारखी झाली त्या वर्षी तिकडे पूल झाला. संताजींनी फोटो पाठवला होता, आठवतंय? पुलावर बस, बसला हार. मी म्हटलं, आता संपलं. तुला पाण्यातून नेईन म्हणालो होतो. जिथे बस जाते तिथे जीपने नेलं, त्यात मी काय केलं?"

"एवढ्यासाठी? अहो, एवढ्यासाठी तुम्ही माझ्या इतक्या पंचम्या..."

"नाही," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला. "एवढ्यासाठी नाही. आई विचारायच्या ना, गाडी झाली काय. मला ऐकू यायचं, फोनमधून इथपर्यंत. गाडी झाली तेव्हा त्या नव्हत्या. त्या अंगणात मी गाडी नेऊन कशी उभी करू, प्रेमा? कोणाला दाखवू? दर वर्षी ठरवतो, जायचं. आणि दिवस जवळ आला की पाय निघत नाही."

मला वाटलं होतं मी खूप बोलेन. सगळं तोंडाशी आणलं होतं, टिन फॅक्टरीपासून घोकत आले होते. पण हा माणूस इतकी वर्षं एकटाच हे घेऊन फिरतोय, आणि मी त्याच्या ताटात आमटी वाढतेय. राग होताच. अजून आहे. पण म्हणाले ते वेगळंच.

"अहो, आईला गाडी नको होती. मी पाहिजे होते. आणि मलाही गाडी नको होती. मला चिंच पाहिजे होती, झोका पाहिजे होता, आई पाहिजे होती. तुम्ही एक-एक काच शोधत बसलात आणि तिकडची माणसं संपत गेली. आता एक उरलाय. त्याच्याही घराला कुलूप लागणार आहे."

हे रडले. मी खाली उतरले नाही, पण पदर पुढे केला. डोळे पुसता पुसता म्हणाले, "कधी निघायचं?"

"लाडू बांधून होतील तेव्हा."

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. साठच्या पुढे तिला न्यायचं नाही असा ह्यांचा दंडक, त्यामुळे ट्रकसुद्धा आम्हाला हॉर्न मारून पुढे जात होते. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगिरी. जरा मी चालवली, जरा ह्यांनी. हे सारखे कान लावून बसलेले, आणि मी म्हणायची, "काही नाही झालंय तिला, आता तरी दुखणं काढू नका." हुबळीला मुक्काम केला. सकाळी उठून मी उपास धरला. चतुर्थी होती, भावाचा उपास. तो मी बंगळूरला बसून दर वर्षी धरत आले होते, पण यंदा पहिल्यांदाच भावाच्या गावाच्या वाटेवर धरला.

खानापूर सोडलं आणि तो वास आला. ओल्या पानांचा, शेणाचा, कुठेतरी चुलीत ओलं लाकूड घातल्याचा.  दादाला फोन केला, "आलो रे, अर्ध्या तासात." तो नुसता "हं, हं" म्हणाला.

गावाच्या अलीकडे रस्ता फुटतो. डांबरी डावीकडे, पुलावर. उजवीकडे जुनी वाट खाली उतरते, आता तिच्यावर गवत माजलंय. मी चालवत होते. फाट्यावर थांबवली.

"डावीकडे," हे म्हणाले.

"मुराळी कोण आहे?"

ह्यांनी खालच्या वाटेकडे मान वळवली.

"उतरा आणि इकडे या," मी म्हणाले. "पुलावरून मला बसही नेईल. शब्द पाण्याचा होता."

दोन दिवस उघडीप होती, म्हणून धाडस केलं. हे काठी घेऊन आधी पाण्यात उतरले. पँट वर करून, एकेक पाऊल टाकत पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन आले. गुडघ्याच्या खाली पाणी, तळाला दगडगोटे, चिखल नाही. मग बोनेट उघडलं आणि पंख्याचा पट्टा काढला. म्हणाले, पाण्यात पंखा फिरला की इंजिनावर पाणी उडवतो, मध्येच बंद पडते गाडी. धरलेल्या खांद्याने तो पट्टा काढताना घामाघूम झाले, पण मला हात लावू देईनात. चेहरा असा झाला होता की लग्नातही मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे माणूस दिसला. छत्री धरून, एका हातात काहीतरी फडक्यात बांधलेलं. दादा.

मी ओरडले, "अरे, तू इथे काय करतोस? पुलावर नाही का थांबायचं?"

तो तिकडून ओरडला, "दरसाल हितंच थांबतो की!"

 हे स्टिअरिंगवर बसले, मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "टाक."

"काय?"

"दांडा. तूच टाक."

मी टाकला. खटकन बसला, जसा काही कालच कोणी वापरला होता. आणि जीप पाण्यात उतरली. पुढून पाणी दुभंगलं, खालून दगड गडगडले, गाडी एकदा डावीकडे कलली तशी मी "अगं आई गं!" म्हणून ह्यांचा दंड धरला, तोही दुखरा. मध्यावर चाक एका खड्ड्यात बसलं. क्षणभर सगळं थांबलं. मग पुढची चाकं ओढायला लागली, खरंच ओढायला लागली, माझ्या तळव्यांना ते कळलं. आणि बघता बघता नाक वर करून जीप पलीकडच्या चढावर निथळत उभी राहिली. एवढंच होतं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दादा पुढे आला. किती वाकलाय! फडकं सोडलं. आत भाकरी आणि पाण्याचा तांब्या. उद्या पंचमीला चुलीवर तवा चढत नाही, म्हणून आमच्याकडे आदल्या दिवशीच भाकऱ्या थापून ठेवतात. लेक दारात आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं. ते आईचं काम. आईनंतर वहिनीचं. आता घरात कोणी बाई नाही, म्हणून हा स्वतःच घेऊन आला होता. जीपच्या फटींतून आलेल्या पाण्याने आधीच भिजलेल्या माझ्या पायांवर त्याने वर आणखी पाणी घातलं. मी म्हणाले, "अरे, ओढ्यातून आलेय, भिजायचं काही शिल्लक आहे काय?" तो म्हणाला, "गप ऱ्हा. रीत हाय." तुकडा मोडला, माझ्यावरून ओवाळून टाकला. दुसरा मोडला, ह्यांच्यावरून.

मग तिसरा मोडला आणि लंगडत जीपच्या पुढे गेला. दिव्यांवरून, त्या पेढेवाल्या काचेवरून, वाफाळणाऱ्या बोनेटवरून तुकडा फिरवला.

हे म्हणाले, "अहो, तिला कशाला?"

"आईनं सांगून ठेवलंय," दादा म्हणाला. "गाडी आली की तिच्यावरनं पैला तुकडा टाक म्हणालती. लांबनं येणार, दमलेली असणार. तुमाला बघून इसरलो, म्हणून तिसरा टाकतोय."

आणि त्याने तो तुकडा पाण्यात सोडला.

हे बोनेटला धरून उभे होते, मान खाली घालून. मी जवळ गेले. तापलेल्या पत्र्यावर ह्यांच्या हाताशेजारी हात ठेवला, आणि पूर्वी ओरडायची तशी, पोस्टमास्तरांच्या फोनवर ओरडायची तशी मोठ्याने, त्या ओढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झाली गं आई. गाडी झाली."